प्रत कोणाकडे आहे?

ग्रंथ टिकतो तो प्रतींमुळे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला खरे म्हणजे सांगावी लागू नये. पाठचिकित्सेचा पहिला तास ज्याने ऐकला आहे त्याला मूळ प्रत, नक्कल, प्रतींचे कुळ, लहियाचे हस्तदोष हे सारे शब्द परिचयाचे असतात. जुनी पोथी हाती आली की ती कोणी उतरली, कोठे उतरली, कोणत्या प्रतीवरून उतरली, असे प्रश्न आपण सवयीने विचारतो. मात्र हाच अभ्यासक आपल्या प्रबंधाची टिपणे, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि लघुनियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती जेथे ठेवतो त्या जागेविषयी यांतला एकही प्रश्न विचारीत नाही. ‘ड्राइव्हवर आहे’ एवढे उत्तर त्याला पुरते. तो ड्राइव्ह कोणाचा, प्रती किती, त्या एकमेकींपासून किती अंतरावर, ठेवणाऱ्याशी आपला करार कोणता आणि तो किती दिवसांचा, याची चौकशी होत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांला या पुरणाऱ्या उत्तराविषयीच काही म्हणायचे आहे. आमचे मत थोडक्यात असे, की साहित्याच्या विभागांनी, संशोधकांच्या लहान गटांनी आणि नियतकालिके चालवणाऱ्या मंडळींनी आपल्या कामाच्या कागदांची निदान एक पूर्ण प्रत स्वतःच्या यंत्रावर, स्वतः चालवलेल्या व्यवस्थेत ठेवावी. क्लाउडवरची प्रत जरूर असू द्यावी; परंतु ती अनेकांतली एक असावी. आपले यंत्र मोठ्या कंपनीच्या यंत्रापेक्षा सुरक्षित असते असा आमचा दावा नाही. बहुधा ते नसतेच. आमचा मुद्दा वेगळा आहे. प्रत सांभाळण्याचे काम आणि ती प्रत वाचण्याची गरज ही दोन्ही एकाच माणसाकडे असली तर संहिता टिकण्याची शक्यता वाढते, असे आपल्याच वाङ्मयाचा इतिहास सांगतो.

जतन करायचे म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. पूर्ण झालेल्या प्रबंधांची चिंता आता तितकी उरलेली नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील प्रबंध जमा होतात आणि कोणालाही वाचता येतात. छापलेले पुस्तकही कोठल्या ना कोठल्या ग्रंथालयात सापडते. धोका आहे तो या दोहोंच्या आधीच्या टप्प्याला. बोलीच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, एखाद्या कवीच्या वहीची छायाचित्रे, साठोत्तरी अनियतकालिकांचे कोणाच्या तरी माळ्यावरून मिळवून स्कॅन केलेले अंक, संपादकांचा पत्रव्यवहार या सामग्रीला अद्याप कोणतेही अधिकृत घर नाही. प्रबंधात तिच्यातला दहावा भागही उतरत नाही; उरलेले नऊ भाग संशोधकाच्या खात्यात पडून असतात. पुढच्या पिढीला प्रबंधातील निष्कर्ष तपासून पाहायचे असतील तर हेच नऊ भाग लागणार आहेत.

क्लाउडचे ऋण मात्र प्रथम मान्य केले पाहिजे. २००८ साली ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुले झाले, २०१२ साली गूगल ड्राइव्ह आले. त्यापूर्वीचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बुरशी चढलेल्या सीडी, सायबर कॅफेतून विषाणू घेऊन घरी येणारा पेनड्राइव्ह आणि ‘प्रबंध अंतिम’, ‘प्रबंध अंतिम नवा’, ‘प्रबंध खरोखर अंतिम’ अशा नावांच्या फाइली आठवत असतील. तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या अध्यापकाला पुण्यामुंबईच्या मार्गदर्शकाला प्रकरण दाखवण्यासाठी रात्रीची एसटी पकडावी लागत असे. ती लागेनाशी झाली. संगणक चोरीला गेला तरी लेखन वाचले, असे अनुभव आता सर्रास ऐकू येतात. ही सोय नाकारण्यात शहाणपण नाही.

प्रश्न सोयीचा नसून मालकीचा आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. तेथे आपण राहतो ते भाडेकरू म्हणून, आणि भाडेपट्ट्याची कलमे मालक एकतर्फी बदलू शकतो. आपल्या शहरांतील अकरा महिन्यांचा करारसुद्धा याहून बरा म्हणायचा, कारण त्यात निदान अकरा महिन्यांची हमी असते. शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देण्याचे गूगलचे धोरण बदलणार असल्याचे फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाले आणि जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट ही आधारभूत मर्यादा लागू झाली. आकडा मोठा वाटतो; परंतु हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात तो वाटला गेला की दृश्यमुद्रणे करणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला फार थोडी जागा येते. पुढे मे २०२३ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतील मजकुरासह काढून टाकण्यात येतील. डिसेंबर २०२३ पासून ते धोरण अमलात आले. व्यापाराच्या दृष्टीने यात काही गैर नाही. साहित्याच्या दृष्टीने पाहा. लेखक गेल्यावर त्याची ट्रंक उघडायला घरच्यांना दोन वर्षे सहज लागतात. ट्रंक तोवर वाट पाहते. खाते पाहत नाही.

ट्रंक आणि खाते यांतील हा भेद आम्ही जवळून पाहिला आहे. आमच्या परिचयातील एका प्राध्यापिकांनी लोककथांची दोन तपांची टिपणे आपल्या संस्थेने दिलेल्या खात्यात ठेवली होती. त्या निवृत्त झाल्या; काही महिन्यांनी संस्थेच्या संगणक विभागाने नियमाप्रमाणे ते खाते बंद केले. कागदाची कपाटे मात्र विभागात जशीच्या तशी होती, कारण कपाट रिकामे करायचे तर कोणीतरी आधी ते उघडून पाहतो. खाते बंद करणाऱ्याला आत काय आहे ते पाहण्याचा अधिकारही नव्हता आणि कारणही नव्हते. येथे कोणीही दुष्ट नाही, कोणी नियम मोडलेला नाही, आणि तरीही दोन तपांचे काम गेले. केवळ दोषी माणूस शोधून अशा हानीला आळा बसणार नाही.

संपूर्ण सेवाच बंद होण्याचे प्रसंगही काही थोडे नाहीत. जिओसिटीज २००९ साली बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. सेवा चालू राहूनही मजकूर जातो: मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये मान्य केले, की २०१६ पूर्वी लोकांनी तेथे चढवलेले संगीत यंत्रे बदलताना नष्ट झाले. पुस्तकांच्या बाबतीत तर दोन घटना साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ यांच्या विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने क्षमाही मागितली. दशकभराने, २०१९ साली, मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकत घेतलेली पुस्तके वाचकांपासून गेली. किंमत परत करण्यात आली, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या त्यांना २५ डॉलर अधिक देण्यात आले. वाचकाने समासात लिहिलेल्या टिपांचे मोल इतक्या उघडपणे ठरवले गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही.

आता या विषयातील एका मूलभूत गोंधळाकडे वळू. फाइली जुळवून घेणे, म्हणजे ज्याला ‘सिंक’ म्हणतात ते, आणि राखीव प्रत ठेवणे, म्हणजे ‘बॅकअप’, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत सर्व यंत्रांवरील प्रती एकसारख्या ठेवल्या जातात. दुसरीत एखाद्या दिवसाची स्थिती बाजूला काढून ती पुढील बदलांपासून अलिप्त राखली जाते. आपण बहुतेक जण पहिली क्रिया करतो आणि दुसरी केल्याचे समाधान मानतो.

हस्तलिखितांच्या परंपरेकडे पाहिले की हा भेद चटकन उमजतो. लहियाने एखादी ओवी गाळली, एखादा शब्द स्वतःच्या काळाचा घातला, तर तो दोष त्याच्या प्रतीत आणि त्या प्रतीवरून पुढे उतरलेल्या प्रतींत राही. दूरच्या गावी असलेली जुनी पोथी त्याच्या चुकीमुळे बदलत नसे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अपपाठ साचले होते म्हणून. आणि ते काम शक्य झाले, कारण पडताळून पाहण्यासाठी भिन्न प्रती शिल्लक होत्या. जुळवणीची आधुनिक व्यवस्था याच्या नेमकी उलट वागते. एका यंत्रावर चुकून पुसलेले प्रकरण काही क्षणांत उरलेल्या सर्व यंत्रांवरूनही पुसले जाते. एखाद्या खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीच तत्परतेने सर्वत्र पोचतात. ज्ञानेश्वरीच्या साऱ्या पोथ्या अशा एका दोरीने बांधलेल्या असत्या, तर पहिल्या अपपाठाबरोबरच मूळ पाठही संपला असता. म्हणून ज्या व्यवस्थेत फाइलीच्या मागील आवृत्त्या राखल्या जात नाहीत, किंवा थोड्याच दिवसांनी टाकून दिल्या जातात, तिला जतन म्हणता येत नाही. हे क्लाउडला जितके लागू आहे तितकेच घरच्या यंत्रालाही.

संगणकाच्या व्यवसायात यासाठी तीन-दोन-एक असा साधा नियम सांगतात: प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन, आणि एक प्रत निराळ्या ठिकाणी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची ज्यांना ओळख आहे त्यांना हा नियम नवा वाटणार नाही. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या कामासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहण्यात आली. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम आणि देवनागरी अशा निरनिराळ्या लिप्यांतील या पोथ्या एकमेकींपासून दूर, एकमेकींच्या चुकांपासून अस्पर्श राहिल्या होत्या. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी जेथे जुळतात तेथे पाठ जुना, असे संपादकांना म्हणता आले ते या अंतरामुळे. आजचेही एक उदाहरण पाहावे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील सगळी व्यवस्था एका चुकीच्या मांडणीमुळे पुसली गेली. निधी सावरला, कारण त्याने दुसऱ्या पुरवठादाराकडे वेगळी प्रत ठेवली होती.

स्वतःची व्यवस्था चालवणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. यासाठी लागणाऱ्या प्रणाली मुक्त आहेत. त्यांची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, पैसे द्यावे लागत नाहीत. त्यांतल्या दोहोंचा परिचय येथे पुरेसा आहे. ‘सिंकथिंग’ ही २०१३ पासूनची प्रणाली मधल्या साठवणुकीवाचून दोन संगणकांतील फोल्डर थेट एकमेकांशी जुळते ठेवते. नागपूरचा संगणक आणि कोल्हापूरचा संगणक एकमेकांना ओळखतात. मजकूर जातो तो सांकेतिक रूपात, आणि तिसऱ्या कोणाकडे त्याची प्रत राहत नाही. आपल्याकडील अनेक घरगुती जोडण्यांना आंतरजालावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, ही मोठी अडचण असते. ही प्रणाली तीतूनही वाट काढते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय तिच्यात आहे, परंतु ती आपण होऊन चालू करावी लागते. आणि ही राखीव प्रतींची प्रणाली नव्हे, असे तिचे कर्ते स्वतःच सांगतात. दुसरी ‘नेक्स्टक्लाउड’, २०१६ साली ‘ओनक्लाउड’मधून वेगळी झालेली. ड्राइव्हसारखे सर्व काही, म्हणजे फोल्डर वाटून देणे, एकत्र लेखन, दिनदर्शिका, ती आपल्या यंत्रावर उपलब्ध करून देते. तिला मात्र सतत चालणारे यंत्र आणि नियमित डागडुजी लागते. सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर न चढवलेले नेक्स्टक्लाउड म्हणजे कडी न लावलेले दार.

राखीव प्रतींसाठी ‘रेस्टिक’ किंवा ‘बोर्ग’ यांसारख्या प्रणाली आहेत. त्या ठरलेल्या वेळी फाइलींची स्थिती टिपतात, पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच साठवतात आणि हव्या त्या दिवसाची प्रत परत देतात. एका विभागाला आरंभासाठी काय लागेल? बाजूला पडलेला पण चालू अवस्थेतील एक संगणक, दोन चांगल्या हार्ड डिस्क, एक छोटा यूपीएस, आणि विभागापासून दूर राहणारा एक सहकारी, ज्याच्या घरी दुसरी डिस्क राहील. यासाठी वेगळी खोली लागत नाही आणि मोठे अनुदानही लागत नाही. अधिक मोठ्या प्रमाणावरही हे होऊ शकते. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील विद्यापीठांनी २०१५ पासून ‘सिएबो’ ही सामायिक साठवण व्यवस्था उभी केली. ती म्युन्स्टर विद्यापीठ चालवते. आपल्याकडील विद्यापीठांनी एकत्र येऊन असे काही करावे, अशी मागणी मराठीच्या प्राध्यापकांनी का करू नये?

येथे आक्षेप येतील, आणि ते रास्तच आहेत. पहिला असा, की संस्थेचे स्वतःचे यंत्रही जळते, बिघडते, पुसले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-सामग्री नष्ट झाली, आणि ती नष्ट केली राखीव प्रती घेणाऱ्या प्रणालीतील दोषानेच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी विदाकेंद्राला आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’मधील ८५८ टेराबाइट मजकूर गेला, आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. तो मजकूर कोणा परक्या कंपनीकडे नव्हता. शासनाचाच होता, शासनाच्याच इमारतीत होता. आपल्या शहराचे उदाहरण हवे असेल तर ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला विसरता येत नाही. ‘आपल्या घरात आहे’ हे वाक्य ‘ड्राइव्हवर आहे’ इतकेच फसवे ठरू शकते. म्हणूनच आम्ही क्लाउड सोडा असे म्हणत नाही. एका टोपलीतली अंडी काढून दुसऱ्या टोपलीत भरणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे करणार कोण? मराठीच्या विभागात संगणकाची आवड असलेला एखादा तरुण अध्यापक असतो, तो उत्साहाने सारे उभारतो, त्याची बदली होते किंवा त्याचे कंत्राट संपते, आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात बसते. हे खरे आहे, आणि यावर कोणतीही प्रणाली उत्तर देऊ शकत नाही. प्रणालींचेही तसेच. सिंकथिंगचे अँड्रॉइडसाठीचे अधिकृत ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झाले. संहिता खुली असल्याने दुसऱ्यांनी ते पुढे चालवले, पण वापरणाऱ्याला हा बदल ध्यानात ठेवावाच लागला. मुक्त प्रणाली म्हणजे निश्चिंती नव्हे.

महानुभावांच्या ग्रंथांची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीच्या काळात हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून तिचे पाठ पुन्हा सिद्ध केले, अशी परंपरा आहे. लीळाचरित्राला अनेक पाठ आहेत त्याचे एक कारण हे. ज्यांना तो ग्रंथ रोज लागत होता त्यांच्याकडे तो उरला होता. पुढे पंथाने आपले वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यामुळे ते सुरक्षित राहिले, आणि त्याचमुळे शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तेव्हा त्याची दारे उघडू लागली. आजच्या राखीव प्रतीही सांकेतिक लिपीतच असतात. रेस्टिकचा परवलीचा शब्द हरवला तर आतील मजकूर कोणालाही, खुद्द प्रणालीच्या कर्त्यांनाही, परत मिळवता येत नाही. आणि त्या कुलपाचा उलगडा करणारा राजवाडे जन्माला येणार नाही, कारण गणिताने ती वाट बंद केली आहे. तेव्हा परवलीचा शब्द कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, विभागाच्या तिजोरीत आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीकडे ठेवणे हे सर्व तंत्रज्ञानाहून महत्त्वाचे काम आहे.

प्रत आहे, किल्ली आहे, पण वाचता येत नाही, ही तिसरी अवस्था मराठीला विशेष परिचयाची आहे. पेशवे दफ्तरातील मोडी कागद शाबूत आहेत आणि ते वाचणारे मोजके आहेत. संगणकावरही आपण अशीच मोडी निर्माण करून ठेवली आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे श्रीलिपी, शिवाजी, योगेश, सुरेख अशा नाना टंकांत जो मजकूर जुळवला गेला तो युनिकोडमध्ये नव्हता. तो टंक यंत्रावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कितीतरी दिवाळी अंकांच्या पेजमेकरमधील फाइली आज या अवस्थेत असतील. क्लाउड या फाइली वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळील. त्या युनिकोडमध्ये आणणार नाही, कारण आत लेख आहे की चिवडा हे त्याला कळत नाही. ते काम मराठी वाचणाऱ्यालाच करावे लागेल, आणि तो ते तेव्हाच करील जेव्हा फाइल त्याच्या नजरेसमोर असेल.

या सगळ्यांत एक नैतिक बाजूही आहे. एखाद्या वस्तीत जाऊन आपण जातिभेदाचे, उपासमारीचे, घरातील छळाचे अनुभव ध्वनिमुद्रित करतो तेव्हा समोरची बाई बोलते ती आपल्यावर विश्वास टाकून. हे माझ्याकडेच राहील, असे आपण तिला सांगितलेले असते. तो आवाज घरी येताच आपण तिऱ्हाइताच्या यंत्रावर चढवतो, त्याच्या अटी न वाचता मान्य करतो, आणि शब्द पाळला असे समजतो. सामग्री कोठे आहे, तिच्यापर्यंत कोण पोचू शकतो, सांगणारीने मागितली तर ती खरोखर पुसता येईल का, यांची उत्तरे देता येणे हा संशोधनाच्या शिस्तीचाच भाग मानला पाहिजे. स्वतःच्या यंत्रावर ती उत्तरे देणे सोपे असते.

संग्रह टिकतो तो कसा, याचे आमच्या मते उत्तम मराठी उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यांतील बऱ्याच स्त्रियांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. पॉइतवाँ २००४ मध्ये निवर्तले, पुढे राईरकरही गेल्या. तरीही संग्रह राहिला. कारण ओव्या उतरून घेणारे, त्यांची वर्गवारी करणारे, त्या संगणकावर आणणारे अनेक हात होते, आणि त्या हातांनी तो ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळाच्या स्वाधीन केला, जेथे आज त्या ऐकता आणि वाचता येतात. कागद, ध्वनिफिती, संगणक, आंतरजाल अशी साधने बदलत गेली, पण प्रत्येक टप्प्यावर संग्रहात काय आहे हे जाणणारा कोणीतरी होता. क्लाउडच्या विक्रीपत्रकात या माणसाची तरतूद नसते.

म्हणून आमची सूचना यंत्रापेक्षा रिवाजाविषयी अधिक आहे. प्रत्येक विभागाने एक साधी वही ठेवावी: कोणती सामग्री, कोणाची, किती प्रती, कोठे, किल्ली कोणाकडे. पदभार सोपवताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ही वहीही सोपवावी आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना एक तास स्वतःच्या फाइलींच्या प्रतींसाठी द्यावा. विद्यार्थ्यांना हा विषय एरवी कोरडा वाटतो, तो अशाने जिवंतही होईल. आणि वर्षातून एक दिवस राखीव प्रत खरोखर उघडून पाहावी, कारण जी कधी परत मिळवून पाहिलेली नाही ती प्रत आहे असे म्हणता येत नाही. जैन भांडारांत ज्ञानपंचमीला पोथ्या काढून झाडतात, पुसतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होते. त्याच आठवड्यात विभागाने डिस्क जोडावी, पाचपंचवीस फाइली कोठूनही निवडून उघडाव्यात, एखादे ध्वनिमुद्रण सर्वांनी मिळून ऐकावे, न उघडणाऱ्या फाइलींची नोंद वहीत करावी. याला अर्धा दिवस लागतो. यंदाच्या दसऱ्याआधी आपापल्या विभागात ही वही सुरू झाली आहे का, एवढे तरी प्रत्येकाने विचारून पाहावे.